पाकिटावरचं चित्र आणि मनातली तलफ : धूम्रपानाबद्दल इंदूरच्या मराठी घरांतून येणारे प्रश्न

तिलकनगर, रामबाग, लोकमान्य नगर, सुदामानगर इथल्या घरांतून धूम्रपानाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात: पत्नी, आई, सून, बहीण. ओढणारा स्वतः क्वचित विचारतो, आणि विचारलंच तर ‘माझ्या एका मित्राचं असं असं आहे’ म्हणून विचारतो. उत्तरं दोघांच्याही उपयोगाची आहेत.

पाकिटावर सडलेल्या घशाचं चित्र असतं. ते रोज बघूनही आमचे हे ओढतात कसे?

धोका माहीत नाही असा ओढणारा आता शोधूनही सापडणार नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या ९२ टक्क्यांहून अधिक प्रौढांनी सांगितलं, की धूम्रपानाने गंभीर आजार होतात. तेव्हा ‘यांना कळत नाही’ हा समज आधी मनातून काढून टाका. कळतं, आणि तरीही ओढली जाते.

सकाळचे पोहे संपतात, चहाचा ग्लास एका हातात येतो आणि दुसरा हात खिशाकडे जातो. त्या क्षणी तुमच्या यजमानांनी काहीच ठरवलेलं नसतं. वर्षानुवर्षं चहा आणि झुरका एकामागोमाग येत राहिले, की चहा दिसताच मेंदू निकोटिनची वाट बघू लागतो. झुरका घेतल्यावर दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोचतं. सुख इतक्या लगेच मिळतं आणि कॅन्सर आलाच तर वीस-तीस वर्षांनी येतो. मेंदू शिकतो ते जवळच्या गोष्टीवरून. चित्र डोळ्यांसमोर येईपर्यंत सिगारेट बहुतेकदा ओठात गेलेली असते.

मग ही चित्रं छापण्यात अर्थ काय?

अर्थ आहे, आणि चांगला भक्कम आहे.

आपल्याकडे १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर इशारा आला, पण तो बारीक अक्षरांतली एक ओळ होती. ती कुणी वाचत नसे, आणि ओढणाऱ्या कितीतरी जणांना वाचता येतही नसे. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आला, त्याखाली ३१ मे २००९ पासून चित्रं आली, तीही फक्त दर्शनी बाजूच्या ४० टक्के भागावर. १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापला. प्रकरण कोर्टात गेलं. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. जे चित्र निरुपयोगी आहे, ते लहान करून घेण्यासाठी कंपन्यांनी इतकी झुंज दिली नसती.

पुरावाही आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना आणि कॅलिफोर्निया या राज्यांत सुमारे २,१५० ओढणाऱ्यांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. चिठ्ठी टाकावी तशी माणसं दोन गटांत विभागली. एका गटाच्या पाकिटांवर चार आठवडे चित्रं लावली, दुसऱ्या गटाच्या पाकिटांवर फक्त मजकूर ठेवला. त्या काळात सोडण्याचा प्रयत्न करणारे चित्रांच्या गटात ४० टक्के निघाले, मजकुराच्या गटात ३४ टक्के. चार आठवड्यांच्या शेवटी निदान सात दिवस अजिबात न ओढलेले ५.७ टक्के आणि ३.८ टक्के.

हे आकडे लहान वाटतील. पण पाकिटावर चित्र छापायला सरकारला जवळपास काही खर्च येत नाही आणि ते कोट्यवधी हातांत जातं. मला त्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते. चित्रं बघणाऱ्यांनी हातातली सिगारेट न ओढता ठेवून दिल्याचे प्रसंग जास्त घडले आणि सोडण्याविषयी त्यांचं इतरांशी बोलणंही जास्त झालं. आपल्याकडच्या २०१६-१७ च्या त्या सर्वेक्षणातही सिगारेट ओढणाऱ्या सुमारे ६२ टक्के लोकांनी इशारा बघून सोडण्याचा विचार केल्याचं सांगितलं, बिडी ओढणाऱ्या ५४ टक्क्यांनी. चित्राचं काम तिथपर्यंत आहे. विचार येतो, बोलणं निघतं. पुढच्या पाच मिनिटांत त्या विचाराला आधार मिळाला नाही, तर तलफ त्याला गिळून टाकते.

मनाच्या तळाशी नकळत असलेली ओढ मोजता येते म्हणतात. ती कशी मोजतात?

१९९८ मध्ये अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी मांडली. माणसाला संगणकासमोर बसवतात. पडद्यावर भराभर चित्रं आणि शब्द येतात आणि त्यांची विभागणी दोन बटणांनी करायची असते. एका फेरीत सिगारेटची चित्रं आणि ‘छान’, ‘आनंद’ असे शब्द एकाच बटणावर असतात. दुसऱ्या फेरीत सिगारेट आणि ‘घाण’, ‘दुःख’ एकाच बटणावर. कुठल्या फेरीत बोट पटकन चालतं, हे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. मनात ज्या दोन गोष्टी आधीपासून जोडलेल्या असतात, त्या एकत्र आल्या की उत्तर लवकर येतं. विचार करून, बरं दिसेल असं उत्तर द्यायला वेळच मिळत नाही.

या चाचणीला मर्यादा आहे. तोच माणूस आज आणि पुढच्या महिन्यात वेगळे आकडे देऊ शकतो. म्हणून इंटरनेटवर ती देऊन ‘बघा, तुमच्या मनात सिगारेटच भरली आहे’ असं कुणाला सुनावू नका. मोठ्या गटांचा अभ्यास करायला ती उपयोगी पडते. काही अभ्यासांत ओढणाऱ्यांची नकळत प्रतिक्रियासुद्धा नकारात्मक निघाली, फक्त न ओढणाऱ्यांइतकी तीव्र नव्हती. म्हणजे आतून सिगारेट आवडते म्हणूनच ओढतात, हेही पूर्ण खरं नाही. आवड, सवय आणि निकोटिनची गरज या तिन्हींचा तिढा असतो.

‘मला सिगारेटचा मनापासून तिटकारा आहे’ असं म्हणतात आणि तासाभराने गच्चीवर जातात. खोटं बोलतात का?

बहुधा नाही. तिटकारा खरा असतो आणि तलफही खरी असते. २०१६-१७ च्या त्याच सर्वेक्षणाच्या आधीच्या बारा महिन्यांत देशातल्या ३८ टक्क्यांहून अधिक ओढणाऱ्यांनी सोडण्याचा प्रयत्न केला होता. खोटं बोलणाऱ्या माणसाने एवढा त्रास का घेतला असता?

मात्र या दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये सापडलेलं मन सबबी शोधतं. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मनातल्या विसंगतीचा सिद्धान्त मांडला, तेव्हा त्यांनीही ओढणाऱ्याचंच उदाहरण घेतलं होतं. ‘ओढतो’ आणि ‘ओढणं घातक आहे’ या दोन गोष्टी मनात एकत्र टोचतात. टोचणी घालवायचे मार्ग दोन: ओढणं सोडायचं, किंवा घातक असण्यावरच शंका घ्यायची. दुसरा मार्ग सोपा. ‘आमचे काका ऐंशी वर्षं जगले, शेवटपर्यंत ओढत होते’ हे वाक्य त्यातूनच येतं. काकांच्या वयाचे आणि वेळेआधी गेलेले बाकीचे या हिशेबात कुणी धरत नाही. अशा वाक्याशी वाद घालत बसू नका. वादाने सबब आणखी पक्की होते.

ही ओढ येते कुठून? आमच्याकडे तर लहानपणापासून ‘वाईट सवय’ असंच सांगितलं होतं.

सांगितलं ते कानांनी ऐकलं. नाकाने आणि डोळ्यांनी जे घेतलं ते वेगळं असू शकतं.

लॉरी रुडमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ओढणाऱ्यांची उघड मतं त्यांच्या अलीकडच्या अनुभवांशी जुळत होती, पण नकळत प्रतिक्रिया जुळत होती ती धूम्रपानाच्या लहानपणीच्या अनुभवांशी. इंदूरच्या जुन्या घरांना हे लगेच पटेल. हुकुमचंद, मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार या गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळीवरून आलेले आजोबा ओट्यावर बसत, बिडी पेटवत आणि नातवंडांना जवळ घेऊन गोष्टी सांगत. ‘जा रे, कोपऱ्यावरून एक बंडल घेऊन ये’ म्हणून पाठवलेल्या पोराला वरचे सुटे पैसे गोळीसाठी मिळत. अनंत चतुर्दशीला झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघायला रात्रभर मोठ्यांबरोबर फिरायचं, आणि त्या गर्दीत धुराचा वास. त्या मुलाच्या मनात बिडीचा वास आजोबांच्या मायेशी आणि सणाच्या रात्रीशी जोडला गेला. पुढे शाळेत फुप्फुसांचं चित्र दाखवून तो धागा एका तासात तुटत नाही.

चित्रपटांनीही हेच केलं आहे. पडद्यावर धूम्रपान जास्त बघणारी किशोरवयीन मुलं ओढायला लागण्याची शक्यता जास्त असते, असं अनेक अभ्यासांत दिसलं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या (तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्य प्रमुखांच्या) अहवालाने हा संबंध कार्यकारणाचा असल्याचं स्पष्ट म्हटलं. आपल्याकडे २०१२ पासून चित्रपटगृहांत आणि सप्टेंबर २०२३ पासून घरबसल्या बघायच्या ओटीटी मालिकांमध्येही इशारे दाखवणं बंधनकारक आहे.

तुमच्या घरात लहान मूल असेल तर त्याला सिगारेट-बिडी आणायला कधीच पाठवू नका. अठरा वर्षांखालच्यांना विकणं किंवा त्यांच्याकरवी विकवणं कायद्याने मना आहेच. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

आमचा मुलगा पाकीट कधी घेतच नाही, गुमटीवरून (पानाच्या टपरीवरून) एकेक घेतो. त्याला चित्र कुठे दिसणार?

अगदी नेमकं बोट ठेवलंत. ‘भैया, एक देना’ म्हटलं की गुमटीवाला पाकिटातून एक काढून देतो, दोरीला टांगलेल्या लायटरवर ती पेटते आणि ८५ टक्क्यांचं चित्र गुमटीवाल्याच्या हातात राहतं. सुट्या विक्रीमुळे पाकिटाची किंमतही जाणवत नाही. महाराष्ट्रात २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली. कॅनडाने २०२३ मध्ये प्रत्येक सिगारेटच्या कागदावरच इशारा छापण्याचा नियम केला. माझ्या मते आपल्यासारख्या सुट्या विक्रीच्या देशाला त्याची गरज कॅनडापेक्षा जास्त आहे.

तोपर्यंत घरात एवढं करता येईल. एकेक घेणाऱ्या मुलाला आठवडाभर फक्त मोजायला सांगा: किती, कधी, कुणाबरोबर. उपदेश करू नका. सुट्या सिगारेटचा हिशेब मनात राहत नाही, तो कागदावर आला की पुष्कळदा त्याचं त्यालाच नवल वाटतं.

बिडी पानाची असते, सिगारेटपेक्षा बरी ना?

बरी नाही. तेंदूचं पान आपल्याच राज्यातल्या जंगलांतून जातं, म्हणून ती आपली आणि साधी वाटते. पण पान नीट जळत नाही, बिडी विझते, म्हणून झुरके जास्त आणि जोराने घ्यावे लागतात. प्रभात झा आणि सहकाऱ्यांच्या २००८ मधल्या देशव्यापी अभ्यासानुसार बिडीमुळे पुरुषांचं आयुष्य सुमारे ६ वर्षांनी आणि स्त्रियांचं सुमारे ८ वर्षांनी कमी होतं. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं सुमारे १० वर्षांनी. बिडीचा आकडा लहान दिसला, तरी सहा-आठ वर्षं जाणं याला ‘बरी’ म्हणता येत नाही. इशारा बिडीच्या बंडलावरही बंधनकारक आहे, पण त्या पातळ, चुरगळणाऱ्या कागदावर चित्र धड दिसत नाही. देशात सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा बिडी ओढणारे जवळजवळ दुप्पट आहेत, आणि चर्चा मात्र सिगारेटचीच होते.

मी रोज घाबरवते: ‘मराल, मुलांचं काय होईल’. तरी उलटच होतं. का?

नुसत्या भीतीने माणूस पळतो, आणि धोक्यापासून पळण्याऐवजी पुष्कळदा बोलणाऱ्यापासून पळतो.

येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये धनुर्वाताच्या लशीवर एक प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांना फार भीतिदायक माहिती दिली, काहींना सौम्य. भीती जास्त घातल्याने लस घेणारे वाढले नाहीत. मात्र ज्यांना दवाखान्याचा नकाशा दिला आणि ‘तुमच्या वेळापत्रकात कधी जाल ते बघा’ असं सांगितलं, त्यांच्यापैकी सुमारे २८ टक्क्यांनी लस घेतली. ज्यांना तो नकाशा मिळाला नाही, त्यांच्यात जेमतेम ३ टक्क्यांनी. भीतीला रस्ता लागतो. आपल्या पाकिटांवर १ सप्टेंबर २०१८ पासून मदतीचा फोन नंबर छापायला लागले, ही मला चित्राइतकीच मोठी सुधारणा वाटते.

उलट होण्याचं आणखी एक कारण आहे. ज्याला ओढण्यात आपला रुबाब, आपली ओळख वाटते, त्याच्यावर मृत्यूचा इशारा उलटू शकतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे लोक मृत्यूचे इशारे वाचल्यावर धूम्रपानाकडे जास्तच अनुकूलतेने बघू लागले. त्यांच्यावर ‘याने तुम्ही आकर्षक दिसत नाही’ अशा धर्तीचे इशारे जास्त लागू पडले. तरण्या मुलाला ‘मरशील’ म्हणण्यापेक्षा तोंडाचा वास, पिवळे दात आणि क्रिकेट खेळताना लागणारी धाप यांच्याबद्दल बोलणं म्हणून जास्त कामाचं.

आणि वहिनी, रोजची धास्ती तुम्हालाही पोखरते. आठवड्यातून एकदा, भांडण नसताना, चहाच्या वेळेच्या बाहेर, एवढंच विचारून बघा: ‘सोडायची झाली तर मी काय करू?’

तेच तेच चित्र बघून नजर मरत नाही का?

मरते. म्हणून चित्रं ठरावीक काळाने बदलतात. रोज ओढणारे चित्राकडे बघणं टाळायलाही शिकतात, पाकीट उलटं ठेवतात किंवा सिगारेटी वेगळ्या डबीत भरतात. तो टाळण्याचा प्रयत्नसुद्धा चित्र टोचत असल्याचं लक्षण आहे.

नकळत असलेली ही ओढ बदलता येते का?

येते, पण समजावून नाही, सरावाने.

अमेरिकेतल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांचा बराच काळ पाठपुरावा करून पाहिलं. ज्यांचा स्वतःवरचा ताबा फारसा सुटलेला नव्हता, त्यांनी सिगारेट सोडली की नाही, हे त्यांच्या उघड मतांवरून सांगता आलं. ज्यांचा ताबा वारंवार सुटत होता, त्यांच्या बाबतीत नकळत वृत्ती निर्णायक ठरली, तीही सोडायचा बेत आखलेला असेल तरच. ‘बघू, सोडू कधीतरी’ हा बेत नव्हे. तारीख हवी, आणि प्रत्येक ठिकाणासाठी आधीच ठरवलेली कृती हवी.

तलफ कधी येते ते आधी लिहून काढा. चहानंतर, जेवणानंतर, ऑफिसातल्या फोननंतर, राजवाड्याजवळ मित्र भेटल्यावर, सराफ्यात रात्री खाणं झाल्यावर. मग प्रत्येकासमोर एकच वाक्य लिहा: ‘चहा संपला की मी ग्लास ठेवून लगेच उठेन आणि बडीशेप तोंडात टाकेन.’ ‘मित्राने पुढे केली तर मी म्हणेन, बंद केली आहे.’ असं ‘जेव्हा–तेव्हा’ ठरवलेलं असलं की हाताला नवी वाट आयती मिळते. पहिले काही आठवडे चहाची जागा बदला, चहा सोडायची गरज नाही. घरातली राखदाणी, लायटर, गाडीच्या कप्प्यातलं जुनं पाकीट बाहेर टाका.

एक तलफ साधारण काही मिनिटांत ओसरते. चिडचिड, झोप न लागणं, लक्ष न लागणं हे पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यांत जास्त असतं आणि दोन ते चार आठवड्यांत कमी होतं. त्या दिवसांत त्यांच्या चिडण्यावर घरच्यांनी चिडू नये, एवढं तरी करावं. निकोटिनचा गम मिळतो. तो सारखा चघळायचा नसतो, थोडा चघळून झिणझिण्या आल्या की गालात ठेवायचा. हृदयविकार असेल किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळ्याही आहेत, त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच.

मुलगी भंवरकुआँला कोचिंगसाठी राहते. तिथे सगळेच ओढतात असं म्हणते.

सगळे ओढत नाहीत, पण तसं वाटतं हे खरं. गुमटीभोवती जे उभे असतात ते दिसतात, खोलीवर बसून अभ्यास करणारे दिसत नाहीत. २०१६-१७ च्या त्या तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या प्रौढांपैकी १०.७ टक्के ओढणारे निघाले, स्त्रियांमध्ये २ टक्के. मुलीला हा आकडा सांगा. ‘सगळे करतात’ ही समजूत आपल्याला कळण्याआधी आपल्याकडून कामं करून घेते.

समजूत बदलते, हे इंदूरकरांना वेगळं सांगायला नको. काही वर्षांपूर्वी रस्त्यावर कागद टाकताना कुणाला काही वाटत नसे. घरोघरी कचरागाडी येऊ लागली, दंड बसू लागला, शेजारी बघू लागले, आणि २०१७ पासून शहर स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं येत राहिलं. आता कागद टाकायला हात धजत नाही. सार्वजनिक जागी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे, २०० रुपयांपर्यंत दंड आहे, शाळा-कॉलेजांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. कचऱ्यासाठी जी चिकाटी या शहराने दाखवली, ती या नियमांसाठी दाखवावी असं मला मनापासून वाटतं.

ई-सिगारेट चालेल?

नाही. २०१९ पासून देशात तिची विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे.

बाबा साठीचे आहेत. आता सोडून काय मिळणार?

वर्षं मिळतात. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या सवयींचा १९५१ पासून पन्नास वर्षं अभ्यास झाला. त्यात दिसलं, की आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी १० वर्षं आधी जातात. साठाव्या वर्षी सोडली तर त्यातली सुमारे ३ वर्षं परत मिळतात, पन्नाशीत ६, चाळिशीत ९. तिशीत सोडली तर जवळजवळ सगळी. तीन वर्षांत नातवाची मुंज होते.

सोडली होती, गणपतीत पुन्हा सुरू झाली. सगळं वाया गेलं का?

नाही. बहुतेकांना एकाहून जास्त प्रयत्न लागतात. कुठल्या जागी, कुणाबरोबर पहिली पेटली ते लिहून ठेवा आणि दोन आठवड्यांच्या आतली नवी तारीख घ्या.

मदत कुठे मिळेल? फोनवर काय बोलायचं?

राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन : १८००-११-२३५६. फोनला पैसे पडत नाहीत. फोन ओढणाऱ्याने स्वतः केला तर उत्तम.

दोन गोष्टी आधी मनात तयार ठेवा. दिवसाला किती ओढता, आणि सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात पेटते. पाच मिनिटांच्या आत पेटत असेल तर निकोटिनची पकड घट्ट आहे, नुसत्या निर्धारावर न राहता डॉक्टरांकडून गम किंवा औषध घेणं बरं. अर्ध्या तासाच्या आत असेल तरीही हे सांगायला विसरू नका. तासाभराने किंवा त्याहून उशिरा पेटत असेल, तर वर सांगितलेली ‘जेव्हा–तेव्हा’ची यादी घेऊनच फोनजवळ बसा.